आठ दिवस दुसऱ्याचे दात

लग्न होऊन मला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा मी सासऱ्यांचं आणि धाकट्या दिराचं भांडण ऐकलं. कान लावून नाही ऐकलं. आमचं स्वयंपाकघर आणि सासऱ्यांचा कारखाना यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती, आणि तिला इतक्या फटी की पलीकडची प्लास्टरची धूळ आमच्या पिठात यायची. कारखाना म्हणजे एक खोली. तिथे दातांच्या कवळ्या बनायच्या. सासरे बनवायचे आणि दीर शिकत होते. वय एकोणीस, मिसरूड नुकतं फुटलेलं, राग मात्र पूर्ण वाढलेला.

"कवळी कुणाकडे दिलीस?" सासरे विचारत होते.

"शेजारणीकडे. म्हातारा शेतावर गेला होता."

"शेजारणीच्या तोंडात बसणार आहे का ती?"

"संध्याकाळी देईल ती त्याला. मी काय तिथे दिवसभर माशा मारत बसू? पाचची बस गेली असती."

"जाऊ दे की! चालत यायचं. दारातून आत टाकला आणि निघालं, असा पुडा आहे का हा? कवळी हातात द्यायची नसते, तोंडात द्यायची असते."

"मी काय तुमचा गडी आहे?"

"गडी असतास तर ऐकलं असतंस."

मग काहीतरी आपटलं, दार वाजलं, आणि भाऊजी तरातरा रस्त्याला लागले. सहा मैल चालत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते तोंड एवढंसं करून, पण डोळ्यांत काहीतरी निराळंच. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी मला सांगितलं. तो म्हातारा आधीच कावलेला होता. कवळी तोंडात घातली आणि त्यानं भाऊजींच्या सात पिढ्या उद्धारल्या. "आणि मी बघत बसलो, वहिनी. तो थुंकी उडेपर्यंत ओरडत होता, पण कवळी जागची हलली नाही. तेव्हा कळलं मला. गोड बोलताना माणूस जपून बोलतो, ओठ अर्धेच उघडतो. जबडा खरा चालतो तो रागात."

तेव्हापासून भाऊजींची ही पद्धत पडली. कवळी बसवली की समोरच्याला सांगायचे, "आता कुणालातरी रागवा." कुणी जावयाला रागवायचं, कुणी सरकारला. एका बाईनं म्हणे वीस वर्षांपूर्वी मेलेल्या नवऱ्याला असं काही सुनावलं की भाऊजींना मध्येच उठून बाहेर जावं लागलं. माणूस रागावून दमला आणि कवळी हलली नाही, तर काम पुरं. हलली तर कानस काढायची, पुन्हा घासायची, पुन्हा रागवायला लावायचं.

गावोगाव त्यांना 'दातवाले' म्हणत. स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते, त्याचं लोकांना फार हसू यायचं. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत, तोंडं राहायची. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मला हळूच विचारायचे, "कोण हो हे?" आणि तो माणूस हसला की लगेच, "हां, हां, वरचा जबडा उजवीकडे उतरता!" रागाचं म्हणाल तर तो कधी कमी झाला नाही. माझी जाऊ होती तोवर ती त्यांना आवरायची. ती गेली, मग माझे यजमानही गेले, आणि त्या घरात आम्ही दोन म्हातारी माणसं आणि भाऊजींचा मुलगा-सून राहिलो. त्यांना आवरायचं काम माझ्याकडे आलं. मला काही ते जमलं नाही, कारण मलाही राग येतो.

आता त्या दिवसाचं सांगते.

भाऊजी तेव्हा सत्तरीचे. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी महिनाभर धुळीत बसायचं नाही, गाडी चालवायची नाही अशी ताकीद दिली होती. कारखाना मुलाच्या हातात आला. पुतण्या वाईट नाही माझा. हात त्याचाही बरा आहे. पण त्याला सगळं चटचट हवं असतं. आमच्या घरी नियम असा, की कवळी तयार झाली तरी ती तिच्या ठशावर ठेवायची. ठसा म्हणजे त्या माणसाच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा. घासायला काढली, घासली, की पुन्हा ठशावर. तोंडात जाईपर्यंत तिचं घर तेच. पुतण्यानं काय केलं, तर भाऊजींनी ऑपरेशनआधी करून ठेवलेल्या दोन कवळ्या एकदमच ठशांवरून काढल्या, एकदमच घासल्या, एकाच भांड्यात धुतल्या, ओल्या कापसात गुंडाळून दोन डब्यांत घातल्या आणि कुरियरनं पाठवून दिल्या. ठसे गेले कोपऱ्यातल्या पोत्यात. मी पाहिलं होतं. मला वाटलं, नवीन पद्धत असेल.

दोन दिवसांनी फोन आला. भाऊजी खाटेवर पडलेले, डोळ्यावर हिरवं कापड, रेडिओवर सामना लागलेला. फोन त्यांच्याच उशाशी. मी समोर शेंगा सोलत होते. पलीकडे एक म्हातारी बाई होती, तिचा आवाज मला इथे ऐकू येत होता. "बसत नाही हो. टोचतंय." भाऊजींचं लक्ष सामन्यात. म्हणाले, "नवी आहे ना, आजी. सवय होईल. आठ दिवस घालत राहा." आणि ठेवला फोन. मी शेंगा सोलत राहिले. काही बोलले नाही. हे माझ्या खात्यावर आहे, ते मी लपवत नाही.

आठ दिवसांनी सकाळी पुन्हा फोन. या वेळी पुतण्यानं घेतला. त्या बाईचा मुलगा बोलत होता, त्याची रोपवाटिका आहे. आवाज चढलेला. "तुमची कवळी परत घेऊन जा. आमची आई हट्टी आहे, घातली की लगेच काढते. आठ दिवस दुधावर आहे. आम्ही समजावलं, रागावलो. आज पुन्हा जबरदस्तीनं घालायला लावली तर तोंडातून रक्त यायला लागलं. नाटकं तरी किती करायची माणसानं!"

पुतण्या म्हणाला, "होतं असं सुरुवातीला. सवय व्हायला वेळ—"

रक्त हा शब्द कानावर पडला आणि भाऊजी खाटेवरून उठले. मुलाच्या हातातून फोन ओढून घेतला. "कुठे टोचतं? वर की खाली?"

"खाली. जिभेखाली. दोन्ही बाजूंना."

"जिभेखाली?" भाऊजींचा चेहरा पाहिला आणि मी हातातलं खाली ठेवलं. "त्या बाईचा खालचा जबडा माझ्या मुठीत मावतो. जिभेखाली जाणारी कवळी मी तिला केलेलीच नाही. कुठली कवळी घातलीय तिच्या तोंडात?"

मग पोतं उपडं झालं. घरभर पांढरी धूळ, डॉक्टरांनी ज्या धुळीत जाऊ नका म्हटलं होतं तीच. ठसे सापडले. एक लहान, अरुंद. दुसरा रुंद, बैलगाडीच्या जोखडासारखा. त्या आठवड्यात हीच दोन पार्सलं गेली होती. दुसरं गेलं होतं बाजारपेठेच्या गावातल्या एका लिलाववाल्याकडे.

"एकाच भांड्यात धुतल्यास?" भाऊजींनी विचारलं.

पुतण्या म्हणाला, "बाबा, डब्यांवर नावं लिहिली होती मी."

"डब्यावर! अरे डब्याला दात असतात का?" ते इतके जोरात ओरडले की सून बाहेर आली आणि परत आत गेली. "आजोबांच्या वेळेपासून ठशावर ठेवतोय आपण. ठशाला नाव लागत नाही. नाव चुकतं, ठसा चुकत नाही."

"आज पार्सल मागवून घेतो, परवापर्यंत दोन्ही—"

"परवा? ती बाई आज उपाशी आहे."

भाऊजींनी दोन्ही ठसे कापडात गुंडाळले, कानशी घेतल्या, पाण्याची बाटली घेतली, गाडीची किल्ली घेतली. पुतण्या म्हणाला, मी चालवतो. भाऊजी म्हणाले, "तू बस भांडी धूत." आणि माझ्याकडे वळले. "वहिनी, चला. डावीकडचं मला नीट दिसत नाही अजून. तेवढं तुम्ही बघा."

मी पायात चपला घातल्या आणि गाडीत बसले. विचारच केला नाही. लोक सहलीला जातात तेव्हा आठ दिवस आधी ठरवतात. आम्ही निघालो तेव्हा चुलीवरचं दूध उतू जात होतं.

मोठ्या रस्त्यानं गेलो असतो तर दीड तासात पोचलो असतो. पण मोठ्या रस्त्यावर ट्रकवाले अंगावर येतात आणि भाऊजींना डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, म्हणून आम्ही आतल्या रस्त्यांनी गेलो. शेतांच्या कडेनं, कालव्याच्या काठानं, जिथे समोरून गाडी आली तर एकानं मागं जावं लागतं असे रस्ते. समोरून आलेल्यानंच मागं जायचं, असं भाऊजींचं मत.

"सायकल," मी म्हणायची.

"दिसतेय."

"मेंढ्या."

"दिसतायत हो!"

"दिसतायत तर मला कशाला आणलंत? आणि खड्डा."

खड्ड्यात गेलोच. मागच्या सीटवर ठसे खडखडले, तर भाऊजी खड्ड्यावर रागावले, रस्ता करणाऱ्यावर रागावले, मेंढ्यांवर रागावले, आणि फिरून फिरून गाडी मुलावर. "घाई! सगळ्यांना घाई! मी पन्नास वर्षं दारोदार गेलो, ह्याला डब्यात घालून पाठवायला लाज वाटत नाही." मी ऐकत होते. मला तो सामन्याच्या वेळचा पहिला फोन आठवत होता.

बाजारपेठेचं गाव म्हणजे एक चौक, चार गल्ल्या आणि मधोमध भाजीचं मोठं छप्पर. लिलाव संपत आला होता. लिलाववाला म्हणजे उंच, भरदार छातीचा माणूस, पेटाऱ्यावर उभा राहून कोबीचे भाव पुकारत होता. प्रत्येक आकड्याबरोबर त्याच्या तोंडातून टकटक आवाज येत होता. भाऊजी थेट पेटाऱ्याखाली जाऊन उभे राहिले.

"हे माझे दात नाहीत," ते वर बघून म्हणाले.

"कोण तुम्ही?"

"तुमचे दात बनवणारा. हे तुमच्या तोंडात कुणाचे आहेत?"

"हे जुने आहेत," लिलाववाला खाली उतरत म्हणाला. "तुमचे नवीन आले ते दोन मिनिटं घातले. बाहुलीचे वाटले मला. जीभ हलवायलाच जागा नाही. काढून कपाटात ठेवले."

"आणि फोन नाही केलात?"

"मला वाटलं, नवी फॅशन असेल. लग्नाकार्यात घालायला."

बघा. हा माणूस. टोचलं, काढून ठेवलं, जुने घातले, आणि त्याच्या घरात कुणी त्याला हट्टी म्हणालं नाही. कुणी जबरदस्तीनं त्याच्या तोंडात बोटं घातली नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो बिचारा त्यात कुठे होता? त्यानं घरून डबा आणला. भाऊजींनी तिथेच भाजीच्या पाट्यांवर कापड पसरलं, लहान ठसा काढला आणि ती कवळी त्यावर ठेवली. टक्. अशी बसली जशी झाकण डब्यावर.

"बाईची आहे," भाऊजी म्हणाले. "तुमची तिच्याकडे आहे. संध्याकाळी आणून देतो."

"आणून कशाला? मी येतो," लिलाववाला म्हणाला. "माझे दात आठ दिवस कुणाच्या तोंडात होते ते मला बघायचंय."

आणि तो मागच्या सीटवर बसला, गुडघे कानांशी आणि मांडीवर दोन ठसे. गाडी त्या बाजूला कलली.

पुढचा रस्ता त्यालाच ठाऊक होता, असं तो म्हणाला. वीटभट्टीपाशी डावीकडे, म्हणाला. डावीकडे वळलो तर रस्ता एका गोठ्यात संपला. गाय आमच्याकडे बघत होती. मागे येताना चाक चिखलात गेलं, लिलाववाल्यानं उतरून ढकललं, आणि भाऊजी पुन्हा सुरू झाले. गोठ्यावरून वीटभट्टीवर आणि वीटभट्टीवरून मुलावर. "त्याला म्हणे सवय व्हायला वेळ लागतो! रक्त येईपर्यंत सवय? कोण शिकवतं ह्यांना असं बोलायला?"

"तुम्ही," मी म्हणाले.

"काय?"

"पहिला फोन तुम्ही घेतला होता. त्या बाईचा. तिनं स्वतः केला होता. तुम्ही सामना ऐकत होतात. सवय होईल म्हणालात. आठ दिवस घाला म्हणालात. म्हणून त्यांनी घालायला लावली तिला. कवळीवाल्यानंच सांगितलं म्हटल्यावर घरचे काय करणार?"

भाऊजींनी गाडी थांबवली. कालव्याच्या पुलावर, बरोबर मधोमध. मागे लिलाववाल्याचे जुने दातही गप्प झाले.

"मला आठवत नाही," भाऊजी म्हणाले.

"मला आठवतं. आणि माझीही चूक आहे. मी समोर बसले होते आणि गप्प बसले. पण आता ऐका. सवय होईल! आयुष्यभर हेच ऐकलंय मी. नव्या घरात धूर डोळ्यांत जायचा, तेव्हा सवय होईल. गुडघा दुखायला लागला, तेव्हा सवय होईल. यजमान गेले तेव्हा आपल्या शेजारचा तो मास्तर दारात उभा राहून म्हणाला, सवय होईल. बाई टोचतंय म्हणाली तर तिला टोचतंय! एवढं समजायला तुमचं पन्नास वर्षांचं काम लागत नाही."

मागून एक ट्रॅक्टर आला आणि भोंगा वाजवायला लागला. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ते उतरून त्याच्याशी दहा मिनिटं भांडले असते.

"डावीकडे काय आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काही नाही. कठडा."

गाडी सुरू झाली. तीन गावं मागे पडली. एका गावात रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे पंधरा मिनिटं थांबलो. फाटकवाला डबल रोटी खात बसला होता आणि आम्ही तिघंही त्याच्या जबड्याकडे बघत होतो.

रोपवाटिकेचं घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणभर काळ्या पिशव्यांत रोपं, पाण्याचा पाइप चालू, चिखल. मुलगा पुढे आला. चांगला धडधाकट, हाताला माती. मागे त्याची बायको.

"कुरियरनं पाठवली असती की आम्ही परत," तो म्हणाला. "तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"आई कुठे आहे?" भाऊजींनी विचारलं.

"आत. तोंड फिरवून बसलीय," बायको म्हणाली. "आठ दिवस नाटक चाललंय. आम्ही कामाची माणसं, आम्हाला दोन घटका बसायला वेळ नाही, आणि ह्यांचं घोट घोट दूध पिणं."

मी म्हणाले, "बाळ, तू एकदा माझ्या चपला घालून बघ. आणि मग दिवसभर त्यात चाल. मग बोलू आपण." तिनं माझ्या चपलांकडे बघितलं. काही कळलं की नाही कोण जाणे.

आतल्या खोलीत बाई खाटेच्या कडेला बसली होती. माझ्याच वयाची. तोंडावर रुमाल. आम्ही आत गेलो तर तिनं आधी माझ्याकडे बघितलं, पुरुषांकडे नाही, आणि मान हलवली. नको, अशी. तिला वाटलं, आणखी माणसं आली समजावायला.

भाऊजी खाटेसमोर जमिनीवर बसले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. "आजी, तोंड उघडा. काही घालणार नाही मी. बघतो फक्त."

तिनं उघडलं. मी वाकून बघितलं आणि बघवलं नाही. जिभेखाली दोन्ही बाजूंना दोन लाल फाटलेल्या रेघा, त्यावर पांढरं आलेलं. भाऊजी उठले, खाटेशेजारी ताटलीत काढून ठेवलेली कवळी घेतली, आणि मुलाला, सुनेला आणि लिलाववाल्याला खिडकीपाशी बोलावलं, जिथे उजेड होता.

"हा तुमच्या आईचा ठसा. बघ, बसते का?" कवळी ठशावर डुगडुगली, दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर आली. "आता हा ह्यांचा." रुंद ठशावर ती टक् करून बसली. "हे दात ह्यांचे आहेत. ह्या माणसाचे. आठ दिवस तू आईच्या तोंडात ह्याचे दात कोंबत होतास."

लिलाववाल्यानं कसंनुसं हसून नमस्कार केला. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "पण तुम्हीच तर सांगितलं होतं, आठ दिवस—"

"हो. मीच सांगितलं होतं," भाऊजी म्हणाले. "आणि तुझ्या आईनं तुला सांगितलं होतं, टोचतंय. दोघांत तू माझं ऐकलंस. मी तिचं ऐकलं नाही. तू पण ऐकलं नाहीस."

मग त्यांनी तिची खरी कवळी गरम पाण्यात धुतली, कडेला कानस फिरवली, बोटानं चाचपली, पुन्हा फिरवली. "आजी, घाव भरेपर्यंत चार दिवस हीसुद्धा घालायची नाही. आज फक्त बसते का तेवढं बघू. एक मिनिट." बाईनं माझा हात धरला. कवळी आत गेली. तिनं ओठ मिटले. मग डोळे उघडले. जिभेनं आतून चाचपत राहिली, कितीतरी वेळ.

"टोचतंय?"

मान हलली. नाही.

"आता कुणालातरी रागवा," भाऊजी म्हणाले.

"कुणाला?"

"मला. पहिला फोन मी घेतला होता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग सुरू झाली, आधी हळू. "तुम्ही होतात होय ते? मागे कसला तो आवाज होता? मॅच होती ना? माझं तोंड फाटत होतं आणि तुम्ही मॅच ऐकत होतात?"

"हो."

"लाज नाही वाटली? तुमच्या आईला दात नव्हते का म्हातारपणी? तिला असं सांगितलं असतंत का तुम्ही? सवय होईल म्हणे! तुमच्या बुटात खिळा ठेवते आणि सांगते सवय होईल, चालेल का?" आवाज चढायला लागला. "आणि तू!" ती मुलाकडे वळली. "तुला दुधाचे दात आले तेव्हा रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले मी. तू रडायचास तेव्हा तुला नाटकी म्हटलं का? म्हटलं का कधी? माझं तोंड धरून घातलीस! नोकराच्या तोंडात तरी कुणी असं घालतं का? आणि ही! घोट घोट दूध पिते म्हणते मला! पिते! माझ्याच गाईचं पिते!"

सून दारातून मागे सरकली. मुलगा मान खाली घालून उभा, हाताची माती सोलत. लिलाववाला भारावल्यासारखा बघत होता. त्याला आवाजाची पारख होती. भाऊजी मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. ते जमिनीवर बसून, मान वाकडी करून, तिच्या खालच्या ओठाकडे बघत होते. तिनं एवढं सुनावलं, दहा मिनिटं तरी, पण खालची कवळी जागची हलली नाही.

"झालं," ते म्हणाले. "बसली."

"माझं झालं नाही," ती म्हणाली.

"मग चालू द्या. कवळीचं काम झालं, एवढंच म्हणतोय."

तिला हसू आलं आणि लगेच कळवळली, घाव ओढला गेला म्हणून. भाऊजींनी कवळी काढून पाण्यात ठेवली, तिची ती, तिच्या ठशावर, आणि ठसा तिच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवला. "ही इथून हलवायची नाही," सुनेला सांगितलं. मुलानं आईपाशी जाऊन काहीतरी पुटपुटलं. तिनं तोंड फिरवून घेतलं. बरं केलं. इतक्या लवकर कशाला विरघळायचं?

लिलाववाल्याला अंगणातच त्याची कवळी बसवली. त्यानं कुणाला रागवावं ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं रोपांच्या पिशव्यांना कोबीचे भाव पुकारून दाखवले. आवाज खणखणीत आला. भाऊजी म्हणाले, "राग नाही, पण चालेल." परतीला तो संपूर्ण रस्ता आम्हाला दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवत होता.

घरी आलो तेव्हा पुतण्या दारात उभा होता. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण भाऊजींनी चपला काढल्या आणि एवढंच म्हणाले, "ठसा पार्सलात जाईल. कवळी ठशावर बसवून, बांधून. आणि टोचतंय म्हणून फोन आला की तो मी घेणार. तू नाही." पुतण्याला ते लागलं. बाबांनी आपल्यावर विश्वास ठेवला नाही, असं त्याला वाटलं, आणि बापलेक दोन महिने माझ्यामार्फत बोलत होते. 'काकू, बाबांना सांग मेण संपलंय.' 'वहिनी, त्याला सांगा मला दिसतंय.' मी दोघांनाही सांगितलं, मी काही पोस्टमन नाही. पण ठसा पार्सलात जायला लागला, आणि आजही जातो.

भाऊजी त्यानंतर सहा वर्षं होते. टोचतंय म्हणून फोन आला की ते आठ दिवस म्हणायचे नाहीत, उद्या म्हणायचे नाहीत. गाव कुठलं ते विचारायचे आणि किल्ली शोधायचे. दृष्टी पुढे चांगली झाली, तरी मला न्यायचे. मलाही सवय— नाही, तो शब्द नको. मला आवडायचं.

ते गेले एका गुरुवारी पहाटे, झोपेत. बुधवारी दुपारी जेवून उठत होतो तेव्हा एका रंगाऱ्याच्या आईचा फोन आला होता, वर डावीकडे थोडं टोचतंय म्हणून. "थोडं म्हणजे किती?" भाऊजींनी विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच चपला घालायला लागले. आम्ही आतल्या रस्त्यानं गेलो. वाटेत एका ट्रकवाल्याशी त्यांचं भांडण झालं, नेहमीएवढंच. रंगाऱ्याच्या आईच्या तोंडात त्यांनी बॅटरी धरून बघितलं, केसाएवढी कड घासली, पुन्हा बसवली आणि तिला रागवायला लावलं. तिनं नगरपालिकेला धरलं. कवळी हलली नाही. त्यांनी कानस पुसली, कापडात गुंडाळली, तिनं पुढे केलेलं पाणी उभ्यानंच प्यायलं, आणि निघताना तिला म्हणाले, "पुन्हा टोचलं तर फोन करा. वाट बघत बसू नका."